दिशा माग, लांबी मागू नकोस

अगं, प्रबंधासाठी सिंगल-इंडेक्स मॉडेल मिळालं आणि पहिला पेपर उघडल्यापासून तुझा धीर सुटलाय, हे तुझ्या आवाजातच कळलं मला. असल्या गोष्टी फोनवर नीट सांगता येत नाहीत, म्हणून लिहिते. विषय अवघड आहे, उगाच सोपा आहे म्हणून तुझी समजूत काढणार नाही. पण त्यातला बराचसा अवघडपणा चिन्हांचा आहे. आतला विचार एकच आहे आणि तो एकदा तुझा झाला की पुढचे सगळे पेपर ओळखीचे वाटायला लागतात.

पेपर जरा बाजूला ठेव. आर या सॉफ्टवेअरमध्ये 'एअरक्वालिटी' नावाचा डेटा आधीपासून असतोच, तो उघड. न्यूयॉर्कच्या १९७३ च्या मे ते सप्टेंबरच्या १५३ दिवसांच्या नोंदी आहेत. ओझोन मोजलाय रूझवेल्ट बेटावर, सूर्यप्रकाश सेंट्रल पार्कमध्ये, तर वारा आणि दिवसाचं कमाल तापमान लाग्वार्डिया विमानतळावर. काही नोंदी गहाळ आहेत. चारही आकडे असलेले दिवस १११ उरतात. तेवढे पुरेत.

आधी नेहमीचं लिनियर रिग्रेशन कर. तापमानाचा गुणांक १.६५ येईल, वाऱ्याचा उणे ३.३३, सूर्यप्रकाशाचा ०.०६ आणि इंटरसेप्ट उणे ६४.३. आर-स्क्वेअर ०.६१ च्या जवळ, म्हणजे बरा म्हणावा असा. आता ९ मेचा दिवस बघ. तापमान ६१ फॅरनहाइट, वारा ताशी २०.१ मैल, सूर्यप्रकाश जेमतेम १९ लँगली. मॉडेल म्हणतं ओझोन उणे २९. हवेतला वायू शून्याच्या खाली कसा जाईल? मोजला गेला होता अब्जात ८ भाग. मग २५ ऑगस्टला ये. तापमान ८१, वारा फक्त ३.४, सूर्यप्रकाश २३८. मॉडेल म्हणतं ७२, आणि मोजला गेला १६८. दोन्ही टोकांना मॉडेल कमी सांगतंय. वाकलेल्या संबंधावर सरळ पट्टी ठेवली की नेमकं असंच होतं.

तरी त्या पट्टीतून एक गोष्ट उचलून ठेव. ३.३३ ला १.६५ ने भाग. २.०२ येतात. म्हणजे वारा ताशी एका मैलाने वाढला, तर ओझोन होता तेवढाच राहायला तापमान साधारण दोन अंशांनी चढावं लागतं. गुणांकांचे सुटे आकडे सरळ रेषेच्या गृहीतकाला बांधलेले आहेत. हे गुणोत्तर मात्र तितकं बांधलेलं नाही. संबंध वाकडा असला तरी 'किती वाऱ्याला किती उष्णता' हा प्रश्न अर्थपूर्ण राहतो.

सिंगल-इंडेक्स मॉडेल म्हणजे हाच प्रश्न जपून बाकीचा हट्ट सोडणं. तापमान, वारा आणि सूर्यप्रकाश यांची गुणांक लावून एक बेरीज करायची, तिला इंडेक्स म्हणायचं, आणि ओझोनची सरासरी फक्त या बेरजेवर अवलंबून आहे एवढंच मानायचं. बेरजेकडून ओझोनकडे नेणारा वक्र, ज्याला पेपरांत जी म्हणतात, तो डेटालाच ठरवू द्यायचा. गुणांक मोजके, म्हणून तो भाग पॅरामेट्रिक. वक्राला कुठलंही सूत्र दिलेलं नाही, म्हणून तो नॉनपॅरामेट्रिक. दोघांच्या संसाराचं नाव सेमीपॅरामेट्रिक.

तू विचारशील, मग बेरीज तरी कशाला मानायची? तिन्ही चलांचं पूर्ण मोकळं फंक्शनच का काढू नये? कारण मोकळेपणाची किंमत फार मोठी असते. चार्ल्स स्टोन यांनी १९८० आणि १९८२ च्या लेखांत ती नेमकी मोजून दाखवली. फंक्शन दोनदा डिफरन्शिएबल असेल, तर डी चलांसाठी आणि एन नोंदींवर अंदाजातली चूक एनच्या उणे २ भागिले (४ अधिक डी) या घाताने घटते आणि कुठलीही पद्धत याहून चांगला वेग देऊ शकत नाही. वहीत गणित करून बघ. एका चलासाठी १०० नोंदींनी जी अचूकता मिळते, तेवढीच तीन चलांसाठी हवी असेल तर, स्थिरांक सोडून देऊ, सुमारे ६३० नोंदी लागतात. दहा चलांसाठी जवळपास ४ लाख. तू नेटाने सर्व्हे केलास तरी ४ लाख घरं कुठून आणशील? इंडेक्स मानला की वक्र पुन्हा एकाच चलाचा होतो, आणि चल कितीही असले तरी त्याचा वेग एका चलाचाच राहतो.

आता ती गोष्ट, जी मला तुझ्या मनात पक्की बसवायची आहे. हे मॉडेल तुला दिशा देतं. लांबी देत नाही, आणि तू ती मागायचीही नाहीस. बीटाचे, म्हणजे बेरजेतले, सगळे गुणांक दुप्पट केलेस आणि वक्र आडवा दुप्पट ताणलास, तर मॉडेल जसंच्या तसं राहतं. बेरजेत इंटरसेप्ट घातलास, तर वक्र तेवढाच बाजूला सरकतो, म्हणून इंटरसेप्टही ठेवता येत नाही. मग काहीतरी आपण ठरवून घ्यायचं. एक तर बीटाची लांबी १ धरायची आणि पहिल्या गुणांकाचं चिन्ह धन ठेवायचं, नाहीतर एका चलाचा गुणांकच १ धरायचा. मी तुला दुसरा मार्ग सुचवीन. तापमानाचा १ धर, म्हणजे वाऱ्याचा गुणांक आपोआप 'एका मैलाला किती अंश' या भाषेत येतो आणि कोणालाही समजावून सांगता येतो. ज्याला १ देशील तो चल सलग हवा आणि त्याचा परिणाम शून्य नसल्याची खात्री हवी. परिणामच नसलेल्या चलाला १ दिलास तर बाकीचे गुणांक अनंताकडे पळतील आणि तू कोडमध्ये चूक शोधत बसशील.

आणखी अटी आहेत. जी सपाट नको. सलग असा निदान एक चल हवा, ज्याच्या जोरावर इंडेक्स अखंड फिरेल. सगळेच चल हो-नाही स्वरूपाचे असतील, तर इंडेक्सला मोजक्याच किमती मिळतात आणि त्या थोड्या बिंदूंतून असंख्य वक्र आणि असंख्य बीटा तितकेच नीट बसतात. या अटी तांत्रिक म्हणून पान उलटू नकोस. पुढे आकडे भरकटायला लागले, तर बऱ्याच वेळा कारण इथेच सापडतं.

दिशा शोधायची कशी? एसटीने नाशिककडे जाताना खिडकीतून द्राक्षांचे मळे बघितलेस ना? बाग समोर येते तेव्हा नुसती हिरवी गर्दी दिसते, आणि बस थोडी पुढे गेली की एका क्षणी सगळ्या ओळी सरळ उघडतात, मधल्या वाटा स्पष्ट दिसतात. हिदेहिको इचिमुरांची १९९३ ची सेमीपॅरामेट्रिक लीस्ट स्क्वेअर्स पद्धत हेच करते. बीटाची एक दिशा घे, प्रत्येक दिवसाचा इंडेक्स काढ, इंडेक्सवर ओझोनचे बिंदू मांड आणि कर्नलने, म्हणजे जवळच्या बिंदूंना जास्त वजन देणाऱ्या सरासरीने, त्यांतून गुळगुळीत वक्र काढ. बिंदू वक्रापासून किती विखुरलेत त्यांच्या वर्गांची बेरीज कर. मग दिशा थोडी फिरव, पुन्हा तेच. ज्या दिशेने बिंदू सगळ्यांत जास्त वक्राला चिकटतात, ती तुझी दिशा. एक काळजी मात्र घ्यायचीच. एखाद्या दिवसाचा वक्रावरचा अंदाज काढताना त्या दिवसाचं स्वतःचं ओझोन वगळायचं. नाहीतर बँडविड्थ, म्हणजे त्या सरासरीची रुंदी, आकसत जाईल, प्रत्येक बिंदू स्वतःलाच जाऊन चिकटेल आणि चूक शून्य दिसेल.

इथे एक प्रश्न कुणीही विचारेल, आणि त्याचं उत्तर मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतं, म्हणून थोडं थांबते. वक्र एनच्या उणे २/५ घाताने सापडतो, म्हणजे वर्गमुळाच्या वेगापेक्षा हळू. मग त्या हळू वक्रावर उभा असलेला बीटा वर्गमुळाच्या वेगाने, साध्या पॅरामेट्रिक मॉडेलसारखा, कसा सापडतो? वक्राच्या चुका बीटात का उतरत नाहीत?

दोन दिवस मनात आण. एक ८५ अंशांचा आणि ताशी १५ मैल वाऱ्याचा, दुसरा ६८ अंशांचा आणि ७ मैल वाऱ्याचा, सूर्यप्रकाश दोन्हींना १६० च्या आसपास. आपल्या गुणोत्तरांनी दोघांचाही इंडेक्स ६० च्या जवळ येतो. मॉडेल खरं असेल तर दोन्ही दिवसांचा अपेक्षित ओझोन जवळपास सारखाच हवा. वाऱ्याचा गुणांक बरोबर आहे की नाही हे कळतं ते अशाच जोड्यांवरून, म्हणजे इंडेक्स तोच असताना चलांमध्ये जी हालचाल उरते तिच्यावरून. सूत्रात, चलांना एक्स म्हटलं तर, ती 'एक्स उणे, त्या इंडेक्सच्या दिवसांमधली एक्सची सरासरी' अशी दिसते. आता वक्र काढताना जी चूक होते, ती इंडेक्सचंच एखादं फंक्शन असते, कारण वक्राला इंडेक्सशिवाय दुसरं काही दिसतच नाही. ६० च्या जवळ वक्र थोडा वर गेला, तर वरच्या दोन्ही दिवसांना तो सारखाच वर जाईल. त्या दोन दिवसांतल्या फरकाला धक्का लागणार नाही. उरलेली हालचाल आणि इंडेक्सचं कुठलंही फंक्शन यांचा सहसंबंध रचनेनेच शून्य असतो, म्हणून वक्राची चूक पहिल्या पातळीवर गळून पडते. दुसऱ्या पातळीवर उरतो तो साधारण चुकीचा वर्ग, म्हणजे एनचा उणे ४/५ घात, आणि तो वर्गमुळाच्या वेगापुढे नगण्य आहे. हे दोनदा वाच, कागदावर दोन दिवस मांडून बघ. एकदा पटलं की प्रबंधातला अर्धा सिद्धांत तुझ्या हातात आला. त्याच्यातूनच आणखी एक गोष्ट कळते: इंडेक्सच्या स्वतःच्या दिशेने ही उरलेली हालचाल शून्य असते, म्हणून सगळ्या गुणांकांची मिळून जी मॅट्रिक्स येते तिची रँक एकाने कमी असते. ती उलटत नाही म्हणून घाबरू नकोस. १ धरलेला गुणांक वगळ, मग उलटते.

बँडविड्थबद्दल खूप जणी अडकतात, कारण बऱ्याच सेमीपॅरामेट्रिक पद्धतींत मुद्दाम कमी गुळगुळीत करावं लागतं. इथे तो जाच नाही. वोल्फगँग हार्डले, पीटर हॉल आणि इचिमुरा यांनी १९९३ मध्येच दाखवलं की बीटा आणि बँडविड्थ दोन्ही एकत्र, त्याच चुकांच्या बेरजेवर ठरवावेत. मोठ्या नमुन्यात ती बेरीज दोन तुकड्यांत फुटते, एकात फक्त बीटा असतो आणि दुसऱ्यात फक्त बँडविड्थ, त्यामुळे वक्रासाठी जी बँडविड्थ उत्तम तीच बीटालाही चालते.

जवळच्या वाटाही आहेत. जेम्स पॉवेल, जेम्स स्टॉक आणि थॉमस स्टोकर यांची १९८९ ची पद्धत मला फार आवडते, कारण तिच्यात कुठे शोधाशोध नाही. वक्राचं एक्सच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घेतलं की साखळी नियमाने बीटा बाहेर पडतो, म्हणून सगळ्या बिंदूंवरचं सरासरी डेरिव्हेटिव्ह बीटाच्याच दिशेला असतं. सरासरीला घनतेचं वजन दिलं की इंटिग्रेशन बाय पार्ट्सने डेरिव्हेटिव्ह वक्रावरून उचलून एक्सच्या घनतेवर टाकता येतं, आणि घनतेने भागायची वेळही येत नाही. एक सूत्र, एक बेरीज, झालं. पण तिला सगळे चल सलग हवेत, आणि घनता सगळ्या मितींत काढायची असल्याने चल वाढले की ती थकते. शिवाय जी जर अर्धा उतरता आणि अर्धा चढता असेल, तर डेरिव्हेटिव्हची सरासरी शून्य होऊन दिशाच हरवते.

साध्या लिनियर रिग्रेशनलाही कमी लेखू नकोस. डेव्हिड ब्रिलिंजर यांनी १९८२ मध्ये दाखवलं की एक्स नॉर्मल असेल तर वक्र कसाही वाकडा असो, लीस्ट स्क्वेअर्स बरोबर दिशेलाच जातं, फक्त लांबी बदलते. केर-चाऊ ली आणि नायहुआ दुआन यांनी १९८९ मध्ये ही अट बरीच सैल केली. म्हणून तर मघाशी २.०२ जपून ठेवायला सांगितलं. सूर्यप्रकाशाचे आकडे काही नॉर्मल नाहीत, तेव्हा ते गुणोत्तर अंतिम उत्तर मानायचं नाही, पण शोधाची सुरुवात करायला त्याहून चांगली जागा मिळणार नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रकरणात उत्तर हो-नाही स्वरूपाचं आहे म्हणालीस. तिथे रॉजर क्लाइन आणि रिचर्ड स्पेडी यांचा १९९३ चा एस्टिमेटर वापर. प्रॉबिट किंवा लॉजिटचा ठरीव वक्र काढून तिथे कर्नलने काढलेली संभाव्यता ठेवायची आणि लाइकलिहुड मोठं करायचं. त्याच्या अटी पाळल्या गेल्या तर याहून कमी व्हेरियन्स कुठल्याही सेमीपॅरामेट्रिक पद्धतीला मिळत नाही. त्यातली मुख्य अट अशी की चुकांचा पसारा बदलला तरी तो इंडेक्समधूनच बदलावा. चार्ल्स मॅन्स्की यांचा १९७५ चा मॅक्सिमम स्कोअर याहून सैल अटींवर चालतो, पण त्याचा वेग घनमुळाचा. सैलपणा कुठेतरी वसूल होतोच.

उदाहरण हवं तर मिखाएल गेर्फिन यांचा १९९६ चा लेख घे. स्वित्झर्लंड आणि जर्मनीतल्या विवाहित स्त्रिया नोकरी करतात की नाही, यावर या पद्धती लावून पाहिल्या आहेत. त्यातला स्वित्झर्लंडमधल्या ८७२ स्त्रियांचा डेटा आरच्या 'एईआर' पॅकेजमध्ये मिळतो. वय, शिक्षण, इतर उत्पन्न, सात वर्षांखालची मुलं, मोठी मुलं, आणि स्त्री परदेशी नागरिक आहे की नाही. हा शेवटचा चल नीट बघ. हो-नाही चलाचा गुणांक डेरिव्हेटिव्हने मिळत नाही. परदेशी आणि स्विस स्त्रियांचे वक्र बाकीच्या चलांच्या इंडेक्सवर वेगवेगळे काढलेस, तर मॉडेल खरं असताना ते एकाच आकाराचे, पण एकमेकांपासून आडवे सरकलेले दिसतील. तो सरकलेला भाग म्हणजे गुणांक. जोएल होरोविट्झ आणि हार्डले यांनी १९९६ मध्ये याच कल्पनेवर थेट पद्धत बांधली. होरोविट्झ यांचं सेमीपॅरामेट्रिक पद्धतींवरचं १९९८ चं पुस्तक मिळालं तर मूळ पेपरांच्या आधी ते वाच, फार प्रेमाने समजावलंय त्यांनी.

संगणकावर बसशील तेव्हा 'एनपी' पॅकेज घे, त्यात इचिमुरा आणि क्लाइन-स्पेडी दोन्ही आहेत. ते पहिल्या चलाचा गुणांक १ धरतं, म्हणून तापमान पहिलं लिही. चुकांच्या बेरजेला बरेच खड्डे असतात, एकदा चालवून आलेल्या उत्तरावर विसंबू नकोस. वेगवेगळ्या ठिकाणांहून पुन्हा पुन्हा सुरू कर, आणि प्रत्येक वेळी दिशा तीच येते का ते बघ. येत नसेल तर ती माहिती लपवू नकोस, ती प्रबंधात लिहायची गोष्ट आहे. मग वक्र काढ आणि त्यावर मूळ बिंदू ठेव. ओझोनचा वक्र डावीकडे तळाला सपाट धावतो आणि मग चढायला लागतो, उणे २९ चा प्रश्नच उरत नाही. उजव्या टोकाला बिंदू विरळ आहेत, १६८ चा दिवस तर एकटाच. तिथे वक्र जे सांगेल त्यावर फार बोलू नकोस. स्टँडर्ड एररसाठी बूटस्ट्रॅप करशील तर लक्षात ठेव, हे लागोपाठचे दिवस आहेत. आजच्या हवेवर कालची छाया असते, म्हणून सुटे दिवस न उचलता दिवसांचे सलग गट उचल.

आणि एकच इंडेक्स पुरतो का, हे तपासल्याशिवाय गाईडकडे जाऊ नकोस. उरलेल्या चुका घे, त्यांना वाऱ्यासमोर आणि सूर्यप्रकाशासमोर मांड. इंडेक्स काढून घेतल्यावरही तिथे वाक दिसला, तर दुसरी दिशा शिल्लक आहे. इंगचुन शिया, हॉवेल टाँग, डब्ल्यू. के. ली आणि लिशिंग झू यांची २००२ ची 'मेव्ह' पद्धत अशा एकाहून जास्त दिशा एकत्र शोधते.

तोंडी परीक्षेत कोणीतरी नक्की विचारेल की रँडम फॉरेस्ट असताना हे कशाला. गोंधळू नकोस. शांतपणे सांग की उद्याच्या ओझोनचा नुसता अंदाज हवा असता तर फॉरेस्टही चाललं असतं. तुझा प्रश्न एका मैल वाऱ्याला किती अंश उष्णता हा आहे, आणि त्याचं उत्तर एका आकड्यात, त्याच्या स्टँडर्ड एररसकट, या मॉडेलमधून मिळतं. मग त्यांच्यासमोर वक्राचं चित्र आणि दुसऱ्या दिशेची तपासणी ठेव, आणि त्यांना हवे तेवढे प्रश्न विचारू दे.